उसनी फुंकर

"लसूण नाही, कांदा नाही, हिंगाचा खडासुद्धा नाही. फुंकणार ही, आणि उपास माझ्या जिभेला."

शैलेश हे आमटीच्या वाटीला सांगत होता. मंजुषा मागेच ओट्याशी उभी होती. त्यानं आवाज बरोबर तेवढाच ठेवला होता, की तिला ऐकू जावं पण उत्तर द्यायची सक्ती वाटू नये. संसार जुना झाला की ही पट्टी आपोआप सापडते.

"उद्या फुंकून झालं की लसणाची फोडणी घालते," ती म्हणाली. "गल्लीला कळेल अशी."

"गल्लीला नको. मला कळली तरी पुरे."

तो हसला, आणि हसता हसता त्याचा हात छातीवर गेला. तिथं कातडीखाली पेसमेकर होता. त्याची बॅटरी चैत्रात बदलायची होती. मंजुषानं बघून न बघितल्यासारखं केलं आणि कुकरचं झाकण घासायला घेतलं.

फुंकायचं होतं ते नाकाड्यात. विश्रामबागेच्या मागच्या अंगाला एक छोटी बाग आहे. तिच्या फाटकाशी एटीएमएवढं एक खोकं उभं असतं. बनवणाऱ्या कंपनीनं त्याचं नाव 'प्राणवेध' ठेवलं होतं, पण सांगलीत असली नावं टिकत नाहीत. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी नाकाडं म्हटलं आणि तेच राहिलं.

शरीरात काही बिघडलं की सगळ्यांत आधी त्या जागच्या पेशींचं खाणंपिणं बदलतं. त्या वेगळं खातात, वेगळं टाकतात. टाकलेलं रक्तात उतरतं, रक्तातून फुप्फुसात येतं आणि श्वासाबरोबर बाहेर पडतं. पडतं तेही इतकं थोडं, की भरल्या विहिरीत साखरेचा एक दाणा टाकावा. शिकवलेल्या कुत्र्यांना ते हुंगता येतं, हे डॉक्टरांना माहीत होतं. मग कुत्र्याच्या नाकातली प्रथिनं प्रयोगशाळेत घडवून एका बारीक जाळीवर बसवण्यात आली. प्रत्येक प्रथिन एकाच जातीचा रेणू पकडतं, आणि पकडला की तिथं विजेची हलकीशी थरथर उठते. अशा हजारो थरथरींची मिळून एक रांगोळी उमटते, आणि ती कुठल्या आजाराची हे यंत्र ओळखतं. गाठ हाताला लागायच्या, फोटोत दिसायच्या कितीतरी आधी. चहा-तंबाखूचे वास ते वजा करून टाकतं. लसणाच्या कुळाचं मात्र त्याला वावडं आहे. त्यानं रांगोळी फिसकटते. म्हणून आधीचे काही दिवस अळणी.

इतकं शहाणं यंत्र आल्यावर माणसं निर्धास्त व्हायला हवी होती. झालं उलटंच. विमा म्हणजे, उद्या कोण भिजणार ते ठाऊक नाही म्हणून सगळ्यांनी मिळून धरलेली छत्री. नाकाड्यानं सांगून टाकलं की कोण भिजणार, आणि उरलेल्यांना छत्री जड वाटायला लागली. विमा कंपन्यांनी एकेकट्याला घेणं बंद केलं. त्या वर्तुळं घेऊ लागल्या. एकवीस माणसांनी एकमेकांना धरून राहायचं, दर महिन्याला फुंकायचं. सगळे हिरवे, म्हणजे निरोगी, निघाले तर वर्तुळ हिरवं. मग चांगलं हॉस्पिटल, वेळेवर औषध, ऑपरेशनला लगेच तारीख. एक जरी लाल निघाला तरी वर्तुळ लाल, आणि लाल वर्तुळाला सगळं 'उपलब्धतेनुसार'. त्यावर उपाय एकच होता. महिनाभरात मत घ्यायचं. बहुमतानं ठेवलं तर त्या माणसाचे उपचार सुरू होणार आणि बाकीचे तेवढा काळ लाल राहणार. नाहीतर त्याला निरोप. नवराबायको मात्र एकत्र धरायची, म्हणजे निरोपही जोडीनं.

सरकारी दवाखाने तोवर बंद नव्हते झाले. नुसते ओस पडले होते. ज्यांचं कुठलंच वर्तुळ नाही ते तिथं जात आणि खोकल्याचं औषध घेऊन येत.

बागेत रोज सकाळी हसणारा हास्यक्लब हेच मंजुषाचं वर्तुळ होतं. आधी नुसते हसायचे. आता एकमेकांना धरून हसायचे.

मंजुषाचं आयुष्य महापालिकेच्या जलतरण तलावाच्या काठावर पोरांना पाण्यात ढकलण्यात गेलं होतं. छाती भात्यासारखी, आणि तापाच्या गोळीपलीकडे औषध माहीत नाही. त्यामुळे दुसऱ्यांसाठी फुंकणं सुरू झालं. नाकाड्यात आधी बोट ठेवावं लागतं आणि मग नळीत फुंकावं लागतं. बोट एकाचं आणि फुंकर दुसऱ्याची असेल तर यंत्राला ते कळत नाही. बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसावं. त्यांच्याकडे शेजारणीला वाटीभर साखर उसनी मागायची पद्धत नसेल.

पहिली तृप्ती शेटे. मंजुषाची भिंतीला भिंत लावून राहणारी मैत्रीण. तिच्या छातीतली गाठ वर्तुळं यायच्या आधीच काढून झाली होती, तरी महिन्याचं एक इंजेक्शन चालू होतं. पुन्हा काही निघेल या भीतीनं तिला नळी तोंडाशी नेववत नसे. "माझ्यासाठी एवढी फुंक मारतेस का गं?" ती म्हणाली होती. येताना माझंही दळण आणतेस का, असं म्हणावं तसं. मंजुषानं मारली. मग शैलेशसाठी मारली. मग ज्यांची साखर वर गेली त्यांच्यासाठी, मग ज्यांना नुसतीच भीती वाटत होती त्यांच्यासाठी. कुणी तिला खरवस आणून द्यायचं, कुणी डिंकाचे लाडू. हळूहळू सगळं वर्तुळ एका छातीवर हिरवं राहू लागलं.

गेल्या दिवाळीत वर्तुळातले देशमानेकाका गेले. स्वादुपिंड. शेवटच्या दिवसापर्यंत ते हिरवे होते. शोकसभेत सगळे म्हणाले, काय अचानक गेले हो. मंजुषा सतरंज्या गुंडाळत राहिली होती.

फुंकून झाल्याच्या दुसऱ्या सकाळी क्लबचं लस्सीहास्य चालू होतं. म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात खोटी लस्सी ओतायची, पिऊन टाकायची आणि खदखदून हसायचं. अध्यक्ष गुळवणी सर समोर उभे राहून ओतत होते. निवृत्त गणिताचे मास्तर. हसायला लावतानाही फळ्यावर गणित घातल्यासारखे दिसायचे. तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

सगळे लाल. आणि प्रत्येकाच्या फोनवर आजार एकच. मूत्रपिंडात संशयित वाढ, प्राथमिक अवस्था. खाली कंपनीची ओळ होती. आपल्या वर्तुळातील सर्व सदस्यांत समान बदल आढळला आहे, परिसरातील पाण्याचा अथवा हवेचा दोष असू शकतो, पुढील आठवड्यात फेरतपासणी होईल, तोवर निकाल स्थगित.

कुणीच मंजुषाकडे बघितलं नाही. इतक्या माणसांनी ठरवल्यासारखं एकाच बाईकडे न बघणं फार मोठं असतं. उन्हासारखं लागतं ते.

"पाणीच ते," पवारकाकू म्हणाल्या. "मी केव्हाची सांगतेय, आमच्या टाकीत कबुतरं मरून पडतात."

"हवाही काही बरी नाही आता," दुसरं कुणीतरी म्हणालं.

"टाकी धुवून घ्यायला हवी," गुळवणी सर घाम पुसत म्हणाले. सगळ्यांनी जोरात माना हलवल्या. मग टाकी कुणाकडून धुवून घ्यायची यावर चर्चा झाली, आणि ती चांगली रंगली.  तृप्ती तेवढी बुटाची नाडी सोडून परत बांधत बसली होती.

संध्याकाळी गुळवणी सर घरी आले. बरोबर सून होती, केतकी. मॅरेथॉन पळणारी काटक पोरगी, बिचारी सोफ्याच्या कडेवर टेकली होती.

"मंजूताई, इतकी वर्षं तुम्ही फार केलंत आमच्यासाठी," सर म्हणाले. "आता जरा विश्रांती घ्या. फेरतपासणीला केतकी फुंकेल. सगळ्यांसाठी."

"बरं," मंजुषा म्हणाली.

"थँक्यू सर," शैलेश म्हणाला. जरा लवकरच म्हणाला.

दारात चपला घालताना सर वळले. "तुमच्यासाठीसुद्धा हं. तसलं काही मनात आणू नका. तुमच्यासाठीही हीच फुंकेल."

ते गेल्यावर शैलेश स्वयंपाकघरात शिरला. बराच वेळ खुडबुड झाली, आणि मग खलबत्त्याचा आवाज आला. त्यानं ताटात भाकरी आणून ठेवली, शेजारी लसणाची चटणी. लालभडक.

"खा," तो म्हणाला. "आता तुला पथ्य नाही."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं, आणि तो पाणी आणायला परत आत गेला. मंजुषानं चटणी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं. चटणीचं म्हणून खपलं.

गावाच्या जुन्या भागातल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर अनीस मुजावर एकटे बसून पेरू खात होते. मंजुषाला बघून उठून उभे राहिले.

"मॅडम! या की. ओळखलंत का? तलावात मला पहिलं तुम्ही ढकललं होतंत."

"रडला होतास."

"अजून रडतो. पाणी बघितलं की." त्यांनी खुर्ची पुसून दिली. "काय होतंय?"

"काही होत नाहीये. तेच दाखवायला आले."

तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कपाटातून कापडात गुंडाळलेलं यंत्र काढलं. नाकाड्याचंच पोटचं, पण लहान, पत्र्याच्या डब्यासारखं. पण आधी लसूण उतरावा म्हणून त्यांनी तिला दोन दिवसांनी परत बोलावलं. त्या दिवशी, कितीतरी महिन्यांनी, मंजुषा फक्त स्वतःसाठी फुंकली.

यंत्रानं तेच सांगितलं. सोनोग्राफीत गाठ दिसलीही. वाटाण्याएवढी.

"आत्ता काढली तर बटाट्याचा डोळा काढावा इतकं सोपं आहे," डॉक्टर म्हणाले. "तेवढाच भाग काढायचा, किडनीही वाचते. सुट्टी घेऊन चार दिवसांत घरी. थांबलात तर असं बोलता येणार नाही."

"मग काढा की."

"कुठं काढू? इथं टेबल आहे, ते जेवायला वापरतो मी. भूल देणारा माणूस नाही. मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली तर ते पहिलं विचारणार, वर्तुळ कुठलं."

मंजुषा डब्यासारख्या यंत्राकडे बघत होती. "हे इथं कुठून आलं?"

"हेच आधी आलं. कंपनीचं नंतर." डॉक्टरांनी पेरूची फोड तिच्यापुढं सरकवली. "मी जतच्या बाजूला एका आरोग्यकेंद्रात होतो. सरकारनं प्रत्येक केंद्रात एक दिलं होतं. रंग नाही, आकडा नाही. यायचं, फुंकायचं, घरी जायचं. काही निघालं तर आशाताई घरी जाऊन सांगायची, अमक्या दिवशी चला. गाडी यायची, ऑपरेशन व्हायचं, संपलं. कुणी कुणाला सोडायचा प्रश्नच नव्हता, कारण धरणारं सगळं राज्य होतं. लोक कसे यायचे सांगू? जत्रेला आल्यासारखे. म्हातारे पुन्हा पुन्हा फुंकायचे. म्हणायचे, डॉक्टर, अजून एकदा बघा की, काहीतरी निघंल."

"मग?"

"मग खर्च जास्त म्हणून योजना चालवायला दिली. मग विकली. यंत्र तेच आहे, मॅडम. तेव्हा उत्तर आलं की दार उघडायचं. आता उत्तर आलं की दार लागतं. लोक खोटं फुंकणारच. मी असतो तर मीही फुंकलं असतं."

"देशमानेकाकांचंही मीच फुंकत होते."

डॉक्टरांनी धीर दिला नाही. त्याबद्दल तिला नंतर बरं वाटलं.

"एक वर्ष आधी तरी कळलं असतं त्यांचं," ते म्हणाले.

"कळलं असतं तर वर्तुळानं ठेवलं असतं का त्यांना?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक स्कूटर होती. "ते मला नका विचारू," ते म्हणाले. "ज्यांना विचारायचं त्यांना विचारा."

घरी शैलेश दोरीवरचे कपडे काढत होता. तिनं सांगितलं. तो एकच टॉवेल दोनदा घडी घालत राहिला.

"केतकी फुंकणार आहे ना पण," तो म्हणाला.

"केतकीचा श्वास हिरवा येईल. माझी गाठ आहे तिथंच राहील."

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं?"

त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला, परत काढला. "मंजू, तू खरं फुंकलंस आणि त्यांनी ठेवलं नाही, तर आपण दोघंही बाहेर. चैत्रात माझी बॅटरी आहे. मी तुला नको म्हणतोय असं नाही. आणि फुंक असंही मला म्हणता येत नाहीये. कसला नवरा आहे बघ मी. तू मला विचारूच नकोस. तू कायम ठरवतेस आणि मला सांगतेस, तसंच कर."

"मी कधी ठरवते?"

"सोफ्याचा रंग कुणी ठरवला?"

तिला हसू आलं. मग तो टॉवेलमध्ये तोंड घालून रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बोटांखाली त्याचे ठोके पडत होते, यंत्राच्या तालावर, एकसारखे. ते एकसारखे राहावेत म्हणून तिनं काय नसतं केलं? आणि तेच तर करायला सगळे सांगत होते. फक्त गप्प राहायचं होतं.

फेरतपासणीच्या सकाळी हसणं लवकर आटोपलं. सगळे नाकाड्याशी रांगेत उभे राहिले. केतकी नळीजवळ होती. एकेकानं बोट ठेवावं, तिनं फुंकावं, पुढचा. पवारकाकू झाल्या. सर झाले. तृप्तीनं बोट ठेवलं आणि केतकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

शेवटी मंजुषाची पाळी आली. केतकी पुढं वाकली, तशी मंजुषानं तिला खांद्याला धरून हळूच बाजूला केलं. पोरांना पाण्याच्या कडेवरून मागं घेताना करायची तसं. बोट ठेवलं, आणि नळी स्वतःच्या तोंडाशी धरली.

"मंजूताई," सर म्हणाले, "अहो, काय करताय?"

ती फुंकली. पोहणाऱ्या बाईची फुंकर, सावकाश आणि तळापर्यंतची. ती संपेपर्यंत कुणी हललं नाही. फेरतपासणीला निकाल तिथल्या तिथं येतो. खोक्यावर लाल दिवा लागला, आणि मागोमाग सगळ्यांच्या फोनवर एक ओळ आली. एक सदस्य लाल. निर्णयासाठी मुदत एक महिना.

"मला किडनीत गाठ आहे," मंजुषा म्हणाली. "लहान आहे. काढली की मी बरी होते. तुम्ही मला ठेवलंत तर काढतील. नाहीतर आम्ही दोघं बाहेर, मी आणि शैलेश. तेवढा काळ तुम्ही लाल राहाल हे मला कळतंय. म्हणून विचारते, ठेवणार का?"

शैलेश तिच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. कधी आला ते तिला कळलं नाही.

"हा काय विचारायचा प्रश्न आहे?" पवारकाकू म्हणाल्या. "आपण एक कुटुंब आहोत."

"हो ना," मंजुषा म्हणाली. "मग ठेवणार?"

"अहो, असं उभ्या उभ्या कसं सांगायचं?"

"मुदत आहे की महिन्याची," सर म्हणाले. "घाई कशाला? आपण बसू, सविस्तर बोलू. कदाचित यंत्राचीच चूक असेल. टाकी तर अजून धुतलीच नाहीये."

"सर, टाकी नाही. मी."

"ते झालंच. पण सकारात्मक राहायचं. आपण हास्यक्लब आहोत."

"माझ्या जावयाचे एक ओळखीचे आहेत…" कुणीतरी सुरू केलं आणि पुढं नेलं नाही.

"मंजूताईंना कोण काढेल हो?" मागून आवाज आला. "काहीतरीच."

"मग हात वर करा," मंजुषा म्हणाली. "काढणार नाही म्हणणाऱ्यांनी करा. आत्ता. मी मोजणार नाही. नुसती बघते."

बागेत एक माळी पाइप ओढत चालला होता. त्याचा आवाज फार मोठा वाटला. कुणी चष्मा काढून पुसला. केतकीचा हात खांद्यापर्यंत आला आणि सासऱ्यांकडे बघून खाली गेला. दुसरं कुणी हललं नाही, आणि नाहीही म्हणालं नाही. सगळे इतके प्रेमळ दिसत होते, की कुणाला रागवावं ते मंजुषाला कळेना.

मग तृप्ती रांगेतून बाहेर आली. ती मंजुषाच्या समोर उभी राहिली, इतकी जवळ की तिच्या तोंडाचा वास यावा. 

"काढू, मंजू," ती म्हणाली. "तुला काढू. माझं इंजेक्शन बंद पडेल म्हणून मी काढीन. सगळ्यांत आधी माझाच हात वर जाईल. आणि त्याच संध्याकाळी तुमच्या दोघांचा डबा घेऊन मी तुझ्याकडे येईन."